पाण्यात मिसळणारे तैलरंग घेऊन बाहेर चित्रं काढताय? या चुका टाळा

टर्पेंटाइनची बाटली सांभाळायची नाही, वास नाही, ब्रश पाण्यानं धुता येतो. प्रवासात निसर्गचित्रं करणाऱ्यांसाठी वॉटर-मिक्सेबल ऑइल कलर खरोखर सोयीचे आहेत. तरी पहिल्यांदा स्पॉटवर बसलेले बरेच जण वैतागतात: रंग चिकट होतो, ब्रशखाली सरकत नाही, जुळवलेली छटा नंतर गडद होते. बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो, त्यात शिरलेल्या जादा पाण्याचा असतो.

हे रंग पाण्यात विरघळत नाहीत. त्यातल्या तेलाची आणि पाण्याची मोट इमल्सिफायर बांधतो. पाण्याचे बारीक थेंब तेलात अडकतात म्हणून ओला रंग दुधाळ, फिका दिसतो आणि पाणी उडालं की गडद होतो. त्यामुळे आकाशाची छटा पाणी घालून जुळवू नका. पाणी वापरायचंच तर पहिल्या पातळ रेखाटनात, तेही बेतानं. फार पातळ केलेला रंग मॅट दिसतो, त्याची पकडही कच्ची राहते. पुढच्या थरांत याच रंगांसाठी मिळणाऱ्या जवसाच्या तेलाचा एखादा थेंब पुरतो. वरचा थर खालच्यापेक्षा जास्त तेलकट, हा तैलरंगाचा जुना नियम इथेही लागू आहे.

पाणी शिरतं कुठून? ब्रशमधून. खळबळून काढलेला ब्रश वरून कोरडा दिसतो, पण केसांच्या मुळाशी, त्यांना धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या नळीत पाणी साठलेलं असतं. फडक्यात धरून पत्र्यापासून टोकाकडे चिमटीनं दाबत या. फडक्यावर ओला डाग उमटायचा थांबेपर्यंत. त्याहून चांगलं म्हणजे रंगागणिक ब्रश धुऊच नका. उजळ आणि गडद छटांना वेगळे ब्रश ठेवा, मध्ये नुसते पुसा. रंग चिकट झालाच तर आणखी पाणी ओतू नका. तेवढा भाग पॅलेट नाइफनं (रंग कालवायच्या बोथट सुरीनं) खरवडा आणि ताजा रंग लावा.

दुसरी मोठी चूक उन्हाची. पॅनेलवर, म्हणजे चित्र काढायच्या फळीवर, थेट ऊन असेल तर सगळंच उजळ भासतं, हात आपोआप गडद मिश्रणं करतो आणि खोलीत आणल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. पॅनेल आणि पॅलेट दोन्ही एकाच सावलीत हवेत. छत्री पांढरी, करडी किंवा काळी घ्या. रंगीत छत्रीची झाक चित्रावर उतरते.

पावसाचे थेंब ओल्या थरावर पडले तर पुसायला जाऊ नका, रंग फिसकटतो. आडोशाला न्या, पाणी आपसूक उडू द्या.

पाण्यात मिसळतो म्हणून रंग झटपट सुकेल, असं धरून चालू नका. पाणी उडतं, पण तेल हवेतल्या ऑक्सिजननं हळूहळू घट्ट होतं. पातळ थरालाही काही दिवस लागतात, जाड थराला त्याहून बरेच जास्त. टायटॅनियम व्हाइट रेंगाळतो, बर्न्ट अंबर लवकर सुकतो. पुढच्या मुक्कामाला निघायचं असेल तर लहान पॅनेल घ्या आणि एकाच मापाची दोन पॅनेल समोरासमोर ठेवून कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावा, म्हणजे ओले रंग एकमेकांना लागत नाहीत.

नेहमीचे ऑइल कलर थोडे मिसळले तर चालतात, पण प्रमाण वाढलं की ब्रश पाण्यानं निघत नाही.

विमानप्रवासात ट्यूब आणि पॅलेट नाइफ चेक-इन बॅगेत टाका, रंगाचं सेफ्टी डेटा शीट (सुरक्षेची माहिती देणारा कागद) छापून सोबत ठेवा. मीडियमचं, म्हणजे रंगात मिसळायच्या द्रावाचं, लेबल आधी वाचा. लवकर सुकवणारी काही मीडियम ज्वलनशील असतात, ती नेता येत नाहीत.

ब्रश धुतलेलं पाणी ओढ्यात किंवा नदीत ओतू नका. कॅडमियम, कोबाल्टचे रंग त्यात असू शकतात. तेलकट फडक्यांचा बोळा करून पिशवीत कोंबणं तर धोक्याचंच. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि कोंडलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मुक्कामी पोचल्यावर फडकी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.