कुठला पाय पुढे? स्नोबोर्ड शिकू पाहणाऱ्यांसाठी

गुलमर्गच्या ज्या दुकानातून मी पहिला स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय आडवे रोवून बर्फावरून घसरत जायची फळी, भाड्याने घेतला, तिथे बुटाचा नंबर विचारला, उंची विचारली, वजनही विचारलं. कुठला पाय पुढे ठेवणार, हे मात्र कोणी विचारलं नाही. ते सांगायचं असतं हे मलाही ठाऊक नव्हतं. बोर्डवरची बाइंडिंग, म्हणजे बूट जखडून ठेवणारे पट्टे, डावा पाय पुढे या बेताने बसवलेली होती. त्याच बोर्डवर मी दोन दिवस काढले. उभी राहिले की पडायचे आणि पडले की उठता उठता नाकी नऊ यायचे. संध्याकाळी खोलीत बुखारीजवळ मनगटं शेकत बसलं की वाटायचं, चौतिसाव्या वर्षी हा हट्ट झेपणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या प्रशिक्षकांनी मला बोर्ड काढून सपाट बर्फावर उभं केलं. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. "आँखें बंद कीजिए," म्हणाले, आणि मागून खांद्याला हलकेच धक्का दिला. तोल सावरायला माझा उजवा पाय पुढे पडला. पुन्हा दिला, पुन्हा उजवाच. "आप तो गूफी हैं!" खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून त्यांनी तिथेच बर्फात गुडघे टेकले, बाइंडिंगचे कोन बदलले, दोन्ही पाय बदकासारखे जरा बाहेर फाकतील असे केले. डावा पाय पुढे तो रेग्युलर आणि उजवा पुढे तो गूफी, इतकंच त्या शब्दांचं काम. यात बरोबर-चूक काही नाही.

मी जन्माने डावखुरी. पहिलीत असताना पाटीवरची पेन्सिल माझ्या डाव्या हातातून काढून उजव्या हातात दिली गेली, वर्षभर रोज. वळण लागायला हवं, असं शाळेतही म्हणत आणि घरीही. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता, तेव्हा सगळीकडे तसंच चालायचं. डावखुरं असणं आणि गूफी असणं यांचा तसा थेट संबंध नाही, कितीतरी डावखुरे डावा पाय पुढे ठेवूनच उभे राहतात. पण एखादी गोष्ट शिकवण्याआधी माझ्या शरीराला त्याची खोड विचारून घेतलेली, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा त्या उतारावर घडलं. स्नोबोर्डिंगमध्ये माणूस स्वतःला व्यक्त करतो असं जे म्हणतात, ते मला तिथून समजायला लागलं.

म्हणून नव्याने शिकणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हे, की ही परीक्षा घरीच करून जा. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर चार पावलं धावा आणि घसरा, कुठला पाय आपसूक पुढे येतो ते पाहा. कोणाला तरी नकळत धक्का द्यायला सांगा. दुकानात बोर्ड हातात घ्यायच्या आधी ते सांगा आणि बाइंडिंग त्याप्रमाणे बसवून घ्या. माझे वाया गेले तसे दोन दिवस तुमचे जायला नकोत.

आता वळणाबद्दल. मराठीत हा एक शब्द किती कामं करतो बघा. रस्त्याला वळण, मुलाला वळण, अक्षराला वळण. स्नोबोर्ड शिकायचा म्हणजे मुख्यतः वळण शिकायचं, आणि ते या तिन्ही अर्थांनी. बोर्डला दोन कडा असतात, एक टाचेकडची आणि एक चवड्याकडची. उतारावर तुम्ही कायम यांतल्या एका कडेवर असता. सुरुवातीला फक्त टाचेच्या कडेवर उभं राहून सरळ खाली सरकायचं. मग त्याच कडेवर डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, झाडावरून पान डुलत खाली यावं तसं. याला फॉलिंग लीफच म्हणतात. मग हेच सगळं चवड्यांवर, उताराकडे पाठ करून. आपण कुठे चाललोय ते दिसत नाही, आणि नवशिक्यांची पाचावर धारण बसते ती इथे.

हा कित्ता आहे, आणि तो गिरवायलाच हवा. आमच्या तुकडीत चार-पाच जण दुसऱ्याच दिवशी उड्या मारायला निघाले, कारण रील तशीच छान दिसते. माझं मत स्पष्ट आहे: कडांवर हुकमत नसताना मारलेल्या उडीत तुमचं स्वतःचं काहीच नसतं, नशीब तेवढं असतं. शिवाय दुखापत होते ती वेगळीच. बोर्ड सपाट पडला आणि उताराच्या बाजूची कड बर्फात रुतली, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत माणूस आपटतो. याला एज कॅच म्हणतात आणि तो प्रत्येकाला भेटतो. पडताना मुठी मिटलेल्या ठेवा, तळहात टेकवू नका, कोपरापासूनचा हात अंगाशी घेऊन त्यावर भार झेला. मागे पडताना हनुवटी छातीला लावा. हेल्मेट तर हवंच, पण मनगटांचे गार्ड लोक टाळतात ते टाळू नका.

दोन कडांच्या मधला जो क्षण असतो, तिथे खरं वळण असतं. टाचेची कड सोडायची, चवड्याची अजून धरलेली नाही, बोर्डाचं नाक सरळ दरीकडे. मन ओरडत असतं की मागे रेल. आणि मागे रेललं की सगळं बिघडतं, कारण वजन पुढच्या पायावर असेल तरच बोर्ड वळतो. उस्ताद खालून एकच शब्द पुन्हा पुन्हा ओरडत, "नज़र! नज़र!" म्हणजे जिथे जायचंय तिथे बघा. नजर फिरली की खांदा फिरतो, खांद्यामागे कंबर, कंबरेमागे गुडघे, आणि बोर्ड सगळ्यात शेवटी. पाचव्या दिवशी दुपारी मी बोर्डाकडे न बघता उतारापलीकडच्या एका देवदाराकडे बघत राहिले, आणि टाच सुटून चवडा कधी लागला ते कळलंसुद्धा नाही. लगेच दुसरं वळण, लगेच तिसरं. खाली थांबून मागे वळून पाहिलं, तर बर्फावर माझी रेघ होती. सरकत घेतलेल्या वळणाचा पसरट फराटा उठतो. कडेवर नीट चढून घेतलेलं असेल तर रेघ बोरूने ओढल्यासारखी बारीक येते. माझे फराटेच होते, पण एकमेकांना जोडलेले.

आजोबांकडे जमिनीचे जुने मोडी कागद होते. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग लेखणी शक्यतो न उचलता अक्षर अक्षराला लगडत जातं. लहानपणी मला ते सगळं एकच लांबलचक अक्षर वाटायचं. त्या दिवशी उताराखाली उभं असताना तेच कागद डोळ्यांपुढे आले.

शैली कधी येते, असं मला नवे लोक विचारतात. ती पहिल्या दिवसापासून असतेच, फक्त चुकांनी झाकलेली असते. एकाच उस्तादांकडे शिकलेल्या आम्हा आठ जणांची वळणं आठ तऱ्हांची होती. एक जण खूप खाली बसून छोटी छोटी वळणं घ्यायचा. एका काश्मिरी मुलाचा मागचा हात वळणाच्या शेवटी बर्फाला नुसता स्पर्श करून जायचा, पाण्यात बोटं बुडवावीत तसा. मी तो हात उचलायचा खूप प्रयत्न केला, जमला नाही. मला लांब, संथ वळणं आवडतात आणि उड्या फारशा नकोत, हे उमगायला दोन हिवाळे लागले. म्हणून पाच-सहा दिवस तुकडीत शिकलात की एक दिवस सोप्या उतारावर एकट्याने घालवा. कोणाला तरी लांबून तुमचा व्हिडिओ काढायला सांगा. पायाकडे बघण्याची सवय, वर चढलेले खांदे, सगळं त्यात दिसतं, आणि मोडू नये असं काय आहे तेही दिसतं. मग दुसरा पाय पुढे घेऊन, म्हणजे स्विच, चालवून पाहा. तेव्हा पुन्हा पहिलीत बसल्यासारखं वाटतं, पण यावेळी कोणी सक्ती केलेली नसते.

हा खेळ आलाच मुळी असा, घरच्या खेळातून. 1965च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मस्कीगन गावी शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या, आणि त्यांच्या बायकोने त्या फळीला स्नर्फर नाव दिलं. तिच्यावर पाय बांधायची सोयच नव्हती. पुढे जेक बर्टन कार्पेंटर यांनी 1977 मध्ये व्हर्माँटला बोर्ड बनवायची कंपनी काढली. बर्फावर आले ते सर्फिंग आणि स्केटबोर्डिंगवाले, त्यामुळे हवेत बोर्ड पकडण्याच्या तऱ्हांची नावंही स्केटबोर्डिंगमधून आली. पुढच्या हाताने चवड्याकडची कड पकडायची, तिला वर्षानुवर्षं म्यूट, म्हणजे मुका, म्हणत. ती तऱ्हा 1980च्या दशकाच्या सुरुवातीला क्रिस वेडल या कर्णबधिर स्केटरने काढली होती. 2020 मध्ये नामवंत स्केटबोर्डर टोनी हॉकने हे जाहीरपणे सांगितलं आणि आता तिला वेडल ग्रॅब म्हणतात. वेडल बहिरे होते, मुके नव्हते. ज्याची तऱ्हा त्याचं नाव तिला मिळायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली, हे मला फार लागतं.

1998 मध्ये नागानो ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंग आलं तेव्हा नॉर्वेचा तेर्ये हाकोन्सन, हाफपाइपमधला, म्हणजे अर्ध्या नळीसारख्या बर्फाच्या चरात उड्या घ्यायच्या प्रकारातला, त्या वेळचा सर्वांत नावाजलेला, गेलाच नाही. निवडीची सूत्रं स्कीइंगच्या महासंघाकडे दिली होती, ते त्याला मान्य नव्हतं. अमेरिकेचा स्नोबोर्डर क्रेग केली विश्वविजेता असताना स्पर्धा सोडून डोंगरात निघून गेला आणि 2003 मध्ये कॅनडात हिमस्खलनात गेला. पण स्पर्धेत स्वतःचं काही उरत नाही, असंही मला वाटत नाही. 2022च्या बीजिंग ऑलिंपिकची हाफपाइपची अंतिम फेरी मिळाली तर पाहा. जपानच्या अयुमू हिरानोने दुसऱ्या धावेत ट्रिपल कॉर्क, म्हणजे हवेत तिरक्या तीन कोलांट्या, घेतला आणि त्याला 91.75 गुण मिळाले. बघणाऱ्यांना ते पटले नाहीत. तिसऱ्या धावेत त्याने तेच सगळं पुन्हा केलं, अधिक उंच आणि अधिक नेटकं, आणि 96.00 घेऊन सुवर्ण नेलं. हाफपाइपचे पंच एकंदर ठशावर गुण देतात. त्या दुसऱ्यांदा लिहिलेल्या ओळीतला ठसा मला अजून दिसतो.

आता व्यवहाराचं, थोडक्यात. जायच्या दोन महिने आधीपासून रोज बैठका आणि सूर्यनमस्कार घाला. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर चढउतार करणाऱ्यांना मांड्यांचा फायदा होतो, घोट्यांसाठी वेगळा व्यायाम करावा लागतो. जीन्स नको, सुती काहीच नको, ओलं झालं की थंडी हाडात शिरते. गॉगल आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही लावा. बोर्ड मऊ घ्या, आणि बूट घट्ट. टाच आत उचलली जात असेल तर दुकानात लाज न बाळगता बदलून मागा. भारतातल्या संस्थांचे अभ्यासक्रम मुख्यत्वे स्कीइंगचे असतात, मग ते गुलमर्ग असो, औली असो की मनालीजवळचं सोलंग. स्नोबोर्डची तुकडी आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

आणि तारखा. चिल्ले कलान, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, काश्मीरची कडाक्याची थंडी. त्यात बर्फ असणारच, म्हणून मी 2024च्या जानेवारीत मधल्या आठवड्याचं आरक्षण केलं. पोचले तर मैदान तपकिरी. घोडेवाले, गाईड, बूट भाड्याने देणारे, सगळे आकाशाकडे बघत बसलेले. बर्फ पडायला महिनाअखेर उजाडली. आता मी फेब्रुवारीचा विचार करते आणि तिकीट बदलता येईल असंच काढते.

एका बाबतीत मात्र मन मोकळं सोडू नका. गोंडोला, म्हणजे केबल कार, सुमारे 2,650 मीटरवरून दोन टप्प्यांत अफरवट डोंगराच्या खांद्यावर 3,900 मीटरच्या वर नेते आणि तिथून खालचे उतार बहुतेक मोकळे, यंत्राने सारखे न केलेले आहेत. मी पहिल्यांदा शिकायला गेले त्याच्या काही दिवस आधी, 1 फेब्रुवारी 2023 रोजी, तिथे हिमस्खलनात पोलंडचे दोन जण गेले. वर जायचं ते हिमस्खलनाची रोजची सूचना वाचून, जाणत्या गाईडबरोबर, बीकन (बर्फात गाडलेल्याचा ठाव सांगणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) घेऊन, आणि ही तिन्ही वापरायचा सराव करून. पहिल्या हिवाळ्यात तर खालच्या सोप्या उतारावर, ड्रॅग लिफ्टजवळच, म्हणजे बर्फावरून ओढत वर नेणाऱ्या दोराजवळच थांबा. तिथेही महिनाभर पुरेल इतकं शिकायला आहे.

गेल्या खेपेला शेवटच्या दुपारी धुकं उतरलं. उतारावर सगळे सारखेच दिसत होते, हेल्मेट, गॉगल, भाड्याची निळी जॅकेटं. मी खाली येऊन थांबले तर उस्ताद लिफ्टच्या खांबाशी नून चाय पीत उभे होते. गॉगल काढायच्या आधीच त्यांनी नावाने हाक मारली. कसं ओळखलंत, म्हटलं. "आप मुड़ने से पहले ज़रा रुकती हैं," ते म्हणाले, "ऊपर से ही पता चल गया।" लहानपणी पोस्टमनने पत्र टाकलं की आई पत्त्याचं अक्षर बघूनच सांगायची, मावशीचं आहे. मी चहाचा घोट घेतला. उस्तादांनी लगेच माझ्या मागच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं, तो अजून वाकायला हवा म्हणाले. लिफ्ट बंद व्हायला वीस मिनिटं होती. मी पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिले.