इंजिन जाम झालं तर: सही करण्याआधी

कसारा घाट चढून इगतपुरी ओलांडली आणि घोटीच्या टोलनाक्याआधी माझी गाडी बंद पडली. वॉरंटी शिल्लक होती, म्हणून निर्धास्त होतो. क्लेम नाकारला गेला, आणि निम्मी चूक माझीच होती.

लाल दिवा लागला की गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. परत परत सेल्फ मारून बघू नका, थोडक्यात वाचणारं इंजिनही त्याने जातं. चावी ऑनवर ठेवून डॅशबोर्डचा फोटो काढा: पेटलेले दिवे, किलोमीटर, तापमानाचा काटा. थोडं निवलं की ऑइलची पट्टी आणि कूलंटची टाकी, यांचेही फोटो. उद्या ‘ऑइलच नव्हतं’ म्हणाले तर दाखवायला काहीतरी हवं. वाटेतला मेकॅनिक कितीही मायेने म्हणाला तरी नटबोल्टला हात लावू देऊ नका. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून गाडी टो करून न्या.

आता नीट वाचा. वर्कशॉपमध्ये जॉबकार्ड बनतं, म्हणजे आपली तक्रार आणि करायचं काम यांची नोंद. गाडी जमा करून घेणारा सर्व्हिस ॲडव्हायझर टॅबवर भराभर टाइप करतो, आपण दमलेले असतो आणि बोटाने सही करून मोकळे होतो. मी तेच केलं. मी सांगितलं होतं, ‘दिवा लागला, लगेच थांबलो.’ कार्डावर इंग्रजीत लिहिलं होतं की गाडी तापल्यावरही चालवली. खाली माझी सही! त्या एका ओळीने क्लेम बुडाला. तेव्हा जॉबकार्ड वाचा. इंग्रजी जड जात असेल तर वाचून घ्या. तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत नसेल तर सही करू नका, मागे रांग लागली तरी. प्रत तिथेच मागा आणि घरी येऊन तीच हकिगत ईमेलने पाठवा.

इंजिन खोलायला परवानगी मागतील. क्लेम नाकारला तर खोलण्या-जोडण्याचे पैसे कोणी द्यायचे, हे आधी लेखी घ्या. खोलताना हजर राहा, खराब पार्ट टाकू देऊ नका. आणि हो, त्या वेळी नवं जॉबकार्ड बनलं तर तेही वाचा.

सर्व्हिसची सगळी बिलं लागतात. किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल त्याप्रमाणे सर्व्हिस झालेली हवी. ‘गाडी फिरलीच नाही’ हे कोणी ऐकत नाही. बाहेर ऑइल बदललं असेल तर ग्रेड लिहिलेलं पक्कं बिल. आरसी वगैरे असतंच.

पाण्यात गाडी घालून इंजिनात पाणी शिरलं असेल, तर वॉरंटीचं नाव काढू नका. तो विम्याचा विषय, तोही इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घेतलं असेल तर. साध्या विम्यात यांत्रिक बिघाड येत नाही.

नकार मिळाला तर कारणासह लेखी मागा. मग कंपनीचं कस्टमर केअर, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. पुढचं वकील सांगेल. फाइलीत जॉबकार्ड सगळ्यात वर लावा, वाचलेलं.