पीएच.डी. फेलोशिपचा अर्ज करताय? या चुका टाळा

फेलोशिपच्या अपात्र यादीतला शेऱ्याचा रकाना एकदा लक्ष देऊन वाचा. 'संशोधन दर्जेदार नाही' असं तिथे सहसा लिहिलेलं नसतं. शेरे असतात ते जात वैधता प्रमाणपत्र जोडलेलं नाही, नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत संपली, नोंदणीची तारीख जुळत नाही, या प्रकारचे. घरात पहिल्यांदाच कुणी पीएच.डी.पर्यंत पोचलेलं असतं, फेलोशिपच्या महिन्याच्या पैशांवर संशोधन टिकणार असतं, आणि एका कागदापायी ते हातचं जातं. हे टाळता येतं, म्हणून हा लेख.

आधी कोणत्या दारात उभं राहायचं ते ठरवा. राज्यात या संस्था फेलोशिप देतात: अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, अनुसूचित जमातींसाठी पुण्याचीच टीआरटीआय, मराठा आणि कुणबी गटांसाठी सारथी, इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती. केंद्राकडे यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) आणि सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) यांची जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, आहे, शिवाय प्रवर्गनिहाय राष्ट्रीय फेलोशिप आहेत. त्यांत अनुसूचित जमातींच्या फेलोशिपला नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) लागत नाही, पदव्युत्तर गुणांवर निवड होते. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी आदिवासी विद्यार्थी अर्जच करत नाहीत. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप मात्र २०२२-२३ पासून बंद झाली आहे. जुने व्हिडिओ पाहून तिच्या मागे वेळ घालवू नका.

नोंदणीची तारीख

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पेट (पीएच.डी. प्रवेश परीक्षा) पास झाल्याची तारीख, तात्पुरत्या प्रवेशाची, फी भरल्याची, आरआरसीच्या (विषयाला मंजुरी देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीच्या) बैठकीची आणि कन्फर्मेशनचं पत्र हातात पडल्याची, या पाचही तारखा वेगळ्या असतात. राज्यातल्या संस्थांच्या जाहिरातीत 'या कालावधीत कायम नोंदणी झालेले' अशी अट असते. विद्यार्थी सोयीची तारीख अर्जात भरतो. छाननी करणारा कर्मचारी ती समोरच्या पत्राशी ताडून पाहतो आणि जुळली नाही की त्रुटी काढतो.

त्यामुळे जाहिरातीची वाट न पाहता विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागातून एक पत्र घेऊन ठेवा. त्यात नोंदणीची तारीख, विषयाचं मंजूर शीर्षक, मार्गदर्शकाचं नाव आणि संशोधन केंद्र हे सगळं स्पष्ट असायला हवं. आरआरसीने शीर्षक बदलायला लावलं असेल तर सुधारित पत्र मागून घ्या. अर्जात एक शीर्षक, पत्रात दुसरं आणि संशोधन आराखड्यावर तिसरं, असंही सर्रास होतं. अर्जात पत्रावरचंच शीर्षक भरा, अगदी स्वल्पविरामासकट.

जातीचे कागद

विज्ञान किंवा अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या मुलांची जात पडताळणी बारावीच्या सुमारास होऊन जाते. बी.ए., एम.ए. केलेल्यांना तोवर ती कुणी मागितलेलीच नसते. फेलोशिपची जाहिरात आली की धावपळ सुरू होते. पडताळणी समितीचं काम काही आठवड्यांत उरकेलच असं नाही, आणि तोवर अर्जाची मुदत निघून जाते. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असाल तर आजच कॉलेजकडून पत्र घेऊन पडताळणीचा अर्ज करा. वडील, काका, आत्या, सख्खी-चुलत भावंडं यांच्यापैकी कुणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत जोडा, काम बरंच सोपं होतं.

दुसरी अडचण दाखल्याच्या नमुन्याची. सेतू केंद्रात जाऊन नुसतं 'नॉन-क्रिमीलेअर द्या' म्हटलं की राज्याच्या नमुन्यातला दाखला मिळतो. नेट आणि केंद्राच्या फेलोशिपला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. अर्ज करतानाच तसं सांगा आणि दोन्ही काढून ठेवा. केंद्राकडे विमुक्त-भटक्यांचा वेगळा प्रवर्ग नाही. त्यांतल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण आपली जात त्या यादीत कोणत्या नावाने आहे ते स्वतः पाहून घ्या. एसईबीसीचा (मराठा समाजासाठीच्या राज्याच्या प्रवर्गाचा) दाखला केंद्राच्या अर्जात चालत नाही. अटी बसत असतील तर तिथे ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटक) पर्याय राहतो, आणि तो दाखला आर्थिक वर्षापुरताच असतो. ३१ मार्चनंतरच्या अर्जाला जुना दाखला जोडला की अर्ज तिथेच अडतो.

नाव आणि बँक खातं

आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे फक्त आद्याक्षर. लग्नानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींना याचा जाच सर्वात जास्त होतो. आधार, बँक आणि विद्यापीठ या तिन्ही ठिकाणी एकच नाव करून घ्या आणि बदलाचा पुरावा म्हणून राजपत्र किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र जवळ ठेवा.

'आधार लिंक आहे' एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि थेट लाभासाठी एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत ते खातं असणं वेगळं. आधारवर येणारे पैसे जातात ते सर्वांत शेवटी सीड केलेल्या, म्हणजे या नोंदीत जोडलेल्या, खात्यात. मधल्या काळात दुसरीकडे खातं उघडून संमती दिली असेल तर फेलोशिप तिकडे जमा होते आणि तुम्ही इथे पासबुक भरत बसता. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दोन मिनिटांत दिसते. खातं लघु प्रकारचं (पूर्ण केवायसी न करता उघडलेलं) असेल तर त्यात एका वेळी ५०,०००पेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा होत नाही. थकीत रक्कम एकदम आली की अडकते. केवायसी पूर्ण करून ते साध्या बचत खात्यात बदलून घ्या.

अर्ज केला की संपलं, असं मानणं

अंतिम यादीआधी बहुतेक वेळा तात्पुरती यादी लागते आणि त्रुटी पूर्ततेला मोजके दिवस मिळतात. ती यादी न पाहिल्याने हक्काची फेलोशिप गेलेले विद्यार्थी कमी नाहीत. मुदत संपेपर्यंत संकेतस्थळ रोज उघडा. फोनवर 'होऊन जाईल' ऐकून थांबू नका, लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा. पुढे आक्षेप घ्यायची वेळ आली तर कामाला येते ती पोच.

मंजुरीनंतर

जेआरएफचा दर १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० आहे आणि दोन वर्षांनंतर एसआरएफचा (वरिष्ठ संशोधन फेलोशिप) ४२,०००. ही वाढ आपोआप होत नाही. समितीसमोर प्रगती मांडावी लागते, तिचा अहवाल विद्यापीठाकडून पुढे जावा लागतो. दोन वर्षं पूर्ण होण्याच्या दोन-तीन महिने आधीच मार्गदर्शकांना बैठक लावायची विनंती करा. यूजीसीच्या फेलोशिपमध्ये तुम्ही हजर असल्याची नोंद संस्थेने पोर्टलवर दर महिन्याला करावी लागते. पैसे थांबले तर दिल्लीला मेल पाठवण्याआधी आपल्याच विद्यापीठात ही नोंद झाली का, ते विचारा. खोळंबा अनेकदा तिथेच असतो.

तासिका तत्त्वावर शिकवत असाल तर ते लपवू नका. फेलोशिप पूर्ण वेळ संशोधनासाठी असते आणि तसं हमीपत्र तुम्ही दिलेलं असतं. दुसरं मानधन किंवा दुसरी फेलोशिप उघड झाली की आधीची सगळी रक्कम परत मागितली जाते. शिकवण्याची परवानगी हवी असेल तर नियमात कितपत बसतं ते विचारून लेखी घ्या.

विद्यार्थिनींना हे आवर्जून सांगायचं आहे. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.च्या पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा मिळू शकते, आणि कमाल सहा वर्षांवर दोन वर्षांची जादा मुदतही. पण अनेकजणी फक्त मार्गदर्शकांना तोंडी सांगून घरी जातात, हजेरीत खंड दिसतो आणि फेलोशिप थांबते. जाण्याआधी विभागप्रमुखांमार्फत रजेचा अर्ज द्या, मंजुरीचं पत्र घ्या आणि परत आल्यावर रुजू झाल्याचं पत्रही त्याच दिवशी द्या.