आल्याचा सोडा बाटलीत भरण्याआधी

सगळ्यात आधी फ्रिज उघडा आणि आतल्या कप्प्यात दोन बाटल्यांपुरती जागा करा. सोडा तयार झाल्यावर जागा शोधत बसलात, तर बाटली काही थांबत नाही.

विरजण पाच दिवस आधी लावायचं. काचेच्या बरणीत उकळून गार केलेलं पेलाभर पाणी, त्यात रोज चमचाभर सालीसकट किसलेलं आलं आणि चमचाभर साखर. साल काढू नका, यीस्ट तिथंच असतं. ढवळल्यावर फसफसलं की विरजण झालं.

बाटल्या प्लास्टिकच्याच, कोल्ड्रिंकच्या, जाड बुडाच्या, एक लिटरच्या. काच नको. पहिल्या वेळी मी सॉसच्या चौकोनी बाटलीत भरून ओट्याखाली ठेवला आणि विसरलो. एप्रिल होता. रात्री फाटकन आवाज झाला. तांदळाच्या डब्यामागची काच सकाळी गोळा केली, तरी एक तुकडा दोन महिन्यांनी केरात निघाला. गोटी सोड्याची बाटली जाड असते खरी, पण तिची गोटी आतल्या दाबानंच तोंडाला बसते. ती घरी भरता येत नाही.

आता गूळ. मार्केट यार्डातली ढेप घरात असली की खडा अंदाजानं टाकायचा मोह होतो. काटा काढा. पावणेदोन लिटर पाण्याला 100 ग्रॅम गूळ, मूठभर ठेचलेलं आलं. उकळून, फडक्यानं गाळून, पूर्ण गार करायचं. गरम पाण्यात विरजण मरतं. मग एक लिंबू आणि अर्धी वाटी विरजणाचं पाणी. लिटरभर पाण्यात 4 ग्रॅम साखर आंबली की साधारण एक लिटर वायू होतो. तुमच्या बाटलीत लिटरमागे 45 ग्रॅमच्या आसपास साखर आहे. सगळी आंबली तर 11 लिटर! बाजारच्या कोल्ड्रिंकात चारच्या आत असतो. बिअरवाले आधी साखर पूर्ण आंबू देतात, मग लिटरमागे 6-7 ग्रॅम मोजून घालून बूच लावतात. आपल्याकडं त्याला परवाना लागतो, म्हणून मी आल्यावरच थांबलोय. पण आपल्याला गोडवा हवा असतो, म्हणजे जळण आतच राहतं आणि आग थंडीनंच दाबायची.

भरताना वर चार बोटं मोकळी सोडा. झाकणावर तारीख आणि वेळ लिहा. बाटल्या बादलीत ठेवून वर जुना टॉवेल. सकाळ-संध्याकाळ दाबून बघा: दुकानातल्या न उघडलेल्या बाटलीइतकी कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये. माझ्याकडं एप्रिलात एक दिवस पुरतो, डिसेंबरात तीन लागतात, त्यामुळे दिवस मोजू नका, बाटली दाबा.

फ्रिजमध्येही आंबणं मंदावतं, थांबत नाही, आठवड्यात संपवा. थोडा अल्कोहोल यात होतोच, लहान पोरांना देऊ नका. उघडायच्या आधी रात्रभर गार होऊ द्या आणि झाकण मोरीत, तोंडापासून लांब धरून, पाव-पाव फेरा फिरवा.