दप्तरांच्या डिजिटलीकरणासाठी अनुदान मागताना या चुका टाळा

एखाद्या वाड्यातील मोडी कागद, तालुक्याच्या वाचनालयातील जुनी नियतकालिके किंवा मठातील पोथ्या डिजिटल स्वरूपात आणण्यासाठी केलेला अर्ज नामंजूर झाला की ‘आपल्या विषयाला तिकडे किंमत नाही’ असे म्हणून विषय संपवला जातो. असे अर्ज वाचताना व दुरुस्त करताना मला बहुधा निराळेच दिसते. संग्रहाचे महत्त्व सांगण्यात तीन पाने खर्ची पडलेली असतात. मात्र त्यातील एकही रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) सोडून पाहिलेला नसतो, आणि ही गोष्ट अंदाजपत्रकात लपत नाही.

पहिली चूक दार निवडण्यातच होते. ब्रिटिश लायब्ररीचा एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम 2004 पासून आर्केडिया या निधीच्या पाठबळावर चालतो आणि त्याचा भर आधुनिकपूर्व काळातील, नष्ट होण्याचा धोका असलेल्या साहित्यावर आहे. साठोत्तरी, म्हणजे 1960 नंतरच्या, लघुनियतकालिकांचा संग्रह तिकडे पाठवणे म्हणजे टपालखर्च वाया घालवणे होय. विसाव्या व एकविसाव्या शतकातील साहित्यासाठी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा मॉडर्न एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम आहे, आणि त्यालाही आर्केडियाचेच साहाय्य आहे. बंगळुरूचे इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कलाविषयक संशोधनाला व अभिलेखांवर आधारित कामाला मदत करते. तेथे निव्वळ पाने मोजून चालत नाही, त्या पानांकडे कोणता प्रश्न घेऊन जाणार हे सांगावे लागते.

‘संग्रहात 60 रुमाल आहेत’ या वाक्यावरून परीक्षकाला काहीच कळत नाही, कारण एका रुमालात घडीचे कागद किती, पाठपोट लिहिलेले किती आणि वाळवीने एकमेकांना चिकटलेले किती, यावर सारा खर्च ठरतो. म्हणून अर्जाला हात घालण्यापूर्वी शंभर पानांचे काम अथपासून इतिपर्यंत करून पाहावे: घडी उलगडणे, धूळ झाडणे, क्रमांक टाकणे, छायाचित्र घेणे, ते तपासणे आणि त्याची नोंद लिहिणे. त्यातून जो दर मिळेल तोच अंदाजपत्रकाचा पाया. साठवणुकीचा हिशोबही असाच मांडावा. ए-4 आकाराचे रंगीत पान 400 डीपीआयने (दर इंचाला 400 ठिपके) टिफ या न दाबलेल्या स्वरूपात घेतले तर सुमारे 46 एमबीची फाइल होते. 20,000 पानांची एक प्रत जवळजवळ एक टीबी भरते, आणि तीन प्रती ठेवायच्या असल्या तर तिप्पट जागा लागते. अर्जात ‘हार्ड डिस्क : 1’ असे लिहिलेले आढळले की पुढचे वाचताना परीक्षकाचा हात आखडतो.

सर्वांत महागडी चूक मात्र वाचनाच्या बाबतीत होते. छायाचित्रे झाली की कागद ‘शोधता येतील’ असे आश्वासन सर्रास दिले जाते. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठीच्या अक्षरचिन्हांच्या जागतिक यादीत, 2014 साली स्थान मिळाले; पण चिन्हांना क्रमांक मिळाला म्हणून हस्ताक्षर यंत्राला वाचता येऊ लागत नाही. शब्द तोडून न लिहिण्याची पद्धत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न पाळणारी इकार-उकाराची चिन्हे, फारसी शब्दांची संक्षिप्त रूपे आणि प्रत्येक कारकुनाचे निराळे वळण यांमुळे यंत्राला शिकवण्यासाठी आधी माणसाने बिनचूक लिप्यंतर केलेली पाने लागतात. समजा, एक जाणता मोडी वाचक दिवसाला चार पाने तपासून लिप्यंतरित करतो. तर 20,000 पानांना 5,000 दिवस लागतील. दोन वर्षांच्या प्रकल्पात हे बसत नाही. त्याऐवजी सर्व पानांची छायाचित्रे व थोडक्यात नोंदी, आणि निवडक 500 पानांचे लिप्यंतर, म्हणजे 125 दिवसांचे काम, असे लिहावे. मोडी वाचकाचे मानधन छायाचित्रकारापेक्षा कमी धरलेले अर्ज मी पाहिले आहेत. त्यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

नोंदींत तारखेचा रकाना एकच ठेवणे हीदेखील नेहमीची चूक आहे. एकाच रुमालात शक, फसली आणि सुहूर अशा निरनिराळ्या कालगणनांची वर्षे सापडतात. फसली सनात 590 किंवा 591 आणि सुहूर सनात 599 किंवा 600 मिळवून इसवी सन काढावा लागतो, त्यामुळे महिना पाहिल्याखेरीज वर्ष ठरत नाही. मूळ तारीख जशीच्या तशी एका रकान्यात आणि काढलेली तारीख दुसऱ्यात ठेवावी.

हक्कांविषयी ‘कागद जुने आहेत’ एवढे पुरत नाही. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील कॉपीराइट हक्क त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून 60 वर्षे टिकतो. म्हणून 1950 साली निवर्तलेल्या साने गुरुजींचे असे लेखन 2011 पासून मुक्त आहे, तर 1969 साली निवर्तलेल्या आचार्य अत्र्यांचे 1 जानेवारी 2030 पर्यंत थांबेल. घराण्याच्या दप्तराबाबत अडचण वेगळीच असते: इनामाच्या सनदा जाहीर झाल्या तर जमिनीचे जुने वाद उकरून निघतील, अशी भीती एखाद्या भाऊबंदाला वाटते आणि तो काम निम्म्यावर असताना संमती मागे घेतो. सर्व वारसांची लेखी संमती अर्जाला जोडलेली असावी.

परदेशी निधीच्या बाबतीत एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा, अंदाजपत्रक करण्यापूर्वीच वाचावा, मंजुरीचे पत्र आल्यावर नव्हे. 2020 च्या दुरुस्तीनंतर मिळालेली रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही आणि प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांवर जाऊ शकत नाही. ‘भागीदार मंडळास 30 टक्के’ असा रकाना असलेला अर्ज त्यामुळे मंजूर होऊनही अडकतो. संस्थेची या कायद्याखाली नोंदणी नसेल तर ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक रक्कम घेण्याची पूर्वपरवानगी मागता येते. त्याला लागणारा वेळ वेळापत्रकात धरावा आणि निधीची सारी रचना सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावी.

शेवटी टिकाऊपणाचा रकाना, जो बहुधा रात्री अकरा वाजता भरला जातो. ‘स्वतंत्र संकेतस्थळ उभारू’ असे लिहिताना तीन वर्षांनंतर त्याचे भाडे कोण भरणार, हे सांगितलेले नसते. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीजने हजाराहून अधिक चालू अनुदाने मध्येच रद्द केली. म्हणून प्रत्येक टप्प्याअखेर वापरण्याजोगे काहीतरी हाती राहील, अशीच कामाची विभागणी करावी. ऑक्टोबर 2023 च्या सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीच्या ऑनलाइन सेवाही दीर्घकाळ कोलमडल्या होत्या. म्हणून स्थानिक प्रत कोणत्या कपाटात राहील, किल्ली कोणाकडे असेल आणि वर्षातून एकदा ती डिस्क लावून फाइली उघडून पाहण्याचे काम कोणत्या पदावरील माणसाचे असेल, हे अर्जात स्पष्टपणे लिहावे.