ब्रिटनमध्ये काँट्रॅक्टिंग करताय? टॅक्स इन्व्हेस्टिगेशन इन्शुरन्स असा निवडा

एचएमआरसीचं (ब्रिटनच्या करखात्याचं) पत्र येण्यासाठी तुमच्या हातून चूक व्हावी लागतेच असं नाही. वेळेत भरलेल्या रिटर्नवर पुढच्या १२ महिन्यांत त्यांना चौकशी उघडता येते आणि कारण सांगण्याचं बंधन त्यांच्यावर नसतं. शेवटी एक पेनीसुद्धा निघाली नाही, तरी अकाउंटंटच्या तासांचं बिल तुम्हीच भरायचं. प्रकरण फर्स्ट-टियर ट्रायब्युनलपर्यंत (करवाद ऐकणाऱ्या पहिल्या पायरीच्या न्यायाधिकरणापर्यंत) गेलं, तर तिथेही सहसा ज्याचा खर्च त्यानेच सोसायचा असतो. जिंकलात म्हणून वकिलाची फी समोरच्याकडून वसूल होत नाही. हा विमा मुख्यतः याच खर्चासाठी असतो.

प्रकरण किती लांबू शकतं, हे निवेदिका केय अ‍ॅडम्स यांच्या आयआर३५ प्रकरणातून दिसतं. आयआर३५ म्हणजे स्वतःच्या कंपनीमार्फत काम करणारा काँट्रॅक्टर खरं तर क्लायंटच्या नोकरासारखाच आहे का, हे पाहून तसा कर लावणारा नियम. वाद २०१५-१६ आणि २०१६-१७ या दोन करवर्षांचा होता. २०१९ मध्ये त्यांच्या कंपनीने ट्रायब्युनलमध्ये बाजी मारली, २०२१ मध्ये अपर ट्रायब्युनलमध्येही निकाल बाजूने लागला. २०२२ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने प्रकरण पुन्हा खाली पाठवलं आणि २०२३ मध्ये ते परत जिंकावं लागलं. एवढ्या वर्षांची फी स्वतःच्या खिशातून भरणं एकट्या काँट्रॅक्टरला झेपणारं नाही.

आधी ठरवा: फीसाठी विमा हवा की करासाठीसुद्धा?

एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि सर्वात जास्त गफलत इथेच होते. पहिली म्हणजे फी प्रोटेक्शन. अकाउंटंट, करसल्लागार, वकील यांची फी विमा कंपनी देते. हरलात तर कर, व्याज आणि दंड मात्र तुमचाच. दुसऱ्या प्रकारात हरल्यावर निघालेला कर, नॅशनल इन्शुरन्स (सरकारला भरायची सामाजिक सुरक्षेची वर्गणी) आणि बहुधा व्याज-दंडही ठरलेल्या मर्यादेपर्यंत मिळतो. अशा पॉलिसीला टॅक्स लॉस किंवा आयआर३५ कव्हर म्हणतात. ती महाग असते आणि तिच्या अटीही कडक असतात.

सोल ट्रेडर (कंपनी न काढता स्वतःच्या नावाने काम करणारे) असाल तर बहुतेक वेळा फी प्रोटेक्शन पुरतं, कारण आयआर३५ हा कंपनीमार्फत काम करणाऱ्यांचा विषय आहे. अंब्रेला कंपनीच्या (काँट्रॅक्टरला नोकरीवर ठेवून क्लायंटकडे पाठवणाऱ्या कंपनीच्या) पगारावर असाल आणि दुसरं काही उत्पन्न नसेल, तर दुसऱ्या प्रकारावर पैसे घालू नका.

लिमिटेड कंपनी असेल तर क्लायंट किती मोठा, यावर सगळं अवलंबून आहे. ६ एप्रिल २०२१ पासून मध्यम आणि मोठ्या खासगी क्लायंटनी आयआर३५ चा निर्णय स्वतः द्यायचा असतो आणि तो चुकला तर जबाबदारी सहसा त्यांच्यावर किंवा पैसे देणाऱ्या एजन्सीवर येते. सार्वजनिक क्षेत्रात हे एप्रिल २०१७ पासूनच आहे. क्लायंट 'लहान' असेल तर निर्णयही तुमच्या कंपनीचा आणि जबाबदारीही. क्लायंटचा आकार अंदाजाने ठरवू नका. लेखी विचारा, ४५ दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. ते उत्तर जपून ठेवा.

आता कव्हर कितीचं हवं ते काढा. ज्या वर्षांची जबाबदारी तुमच्या कंपनीवर आहे ती वर्षं कागदावर लिहा. प्रत्येक वर्षी आयआर३५ च्या आत धरलं असतं तर किती जास्त कर बसला असता, तो आकडा अकाउंटंटकडून घ्या. साधारणपणे एचएमआरसी ४ वर्षं मागे जातं, निष्काळजीपणा दिसला तर ६ आणि जाणूनबुजून लपवलं असं ठरलं तर २०. सहा वर्षांची बेरीज करा, वर व्याज आणि दंडाचं धरा. निष्काळजीपणाचा दंड कराच्या ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. जाहिरातीत ठळक छापलेली रक्कम या बेरजेपेक्षा कमी असेल तर ती पॉलिसी तुमच्या कामाची नाही.

पॉलिसी वाचताना बोट कुठे ठेवायचं

मर्यादा 'प्रत्येक क्लेमला' आहे की 'वर्षभरात मिळून', हे पाहा. कंपनीची आणि तुमची वैयक्तिक अशा दोन चौकश्या एकदम निघाल्या तर हा फरक जाणवतो. त्याच पानावर खाली तासाचा दर असतो. समजा तुमचा सल्लागार तासाला १८० पौंड घेतो आणि विमा कंपनी १२० च मान्य करते. ८० तासांच्या कामात ४,८०० पौंड तुमच्या खिशातून गेले आणि हे एक्सेसच्या (प्रत्येक क्लेममध्ये तुम्हीच भरायच्या ठरलेल्या रकमेच्या) वर. म्हणून 'माझाच अकाउंटंट चालेल का, आणि कोणत्या दराने?' हे लेखी विचारून घ्या. मात्र आयआर३५ च्या भांडणात हिशोब ठेवणाऱ्या अकाउंटंटपेक्षा अशी प्रकरणं लढवलेला सल्लागार जास्त उपयोगी. विमा कंपनी स्वतःचे तज्ज्ञ देत असेल तर लगेच नाही म्हणू नका. कंपनी व्हॅटसाठी नोंदलेली असेल तर बिलावरचा व्हॅट विम्यातून सहसा मिळत नाही, तो रिटर्नमध्ये परत घ्यायचा.

मग चौकशीची व्याख्या. स्वस्त पॉलिसीत फक्त पूर्ण चौकशी धरलेली असते. प्रत्यक्षात एखाद्याच खर्चाबद्दल विचारणारी मर्यादित चौकशी, व्हॅट तपासणी, पगाराची तपासणी, आयआर३५ ची विचारणा आणि फायनान्स अ‍ॅक्ट २००८ च्या शेड्यूल ३६ खाली माहिती मागणारी नोटीस यांचाही त्रास तेवढाच. पाचही नावं शब्दशः सापडायला हवीत. 'तुमचं रिटर्न एकदा तपासून पाहा' अशी सरसकट पाठवलेली पत्रं सहसा यात बसत नाहीत.

कव्हर कोणाला आहे? कंपनी, डायरेक्टर आणि शेअर असलेला जोडीदार, तिघांची नावं हवीत. तुमच्या वैयक्तिक रिटर्नमध्ये घरभाडं किंवा भारतातलं उत्पन्न असेल तर ते आधीच सांगा. विमा कंपनीपुढे माहिती नीट मांडण्याची जबाबदारी इन्शुरन्स अ‍ॅक्ट २०१५ ने व्यवसायांवर टाकली आहे. लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळी निघाली तर सगळंच हातचं जाऊ शकतं.

वगळलेल्या गोष्टींचं पान दोनदा वाचा. उशिरा भरलेली रिटर्न, कर टाळण्याच्या योजना, फसवणुकीच्या संशयावरून कोड ऑफ प्रॅक्टिस ९ खाली सुरू झालेली चौकशी आणि पॉलिसी घेण्याआधी तुम्हाला माहीत असलेला वाद या गोष्टी सहसा बाहेर असतात. विस्कटलेले हिशोब नीट लावण्याची फीसुद्धा बाहेरच. शिवाय जिंकण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असेल तरच लढायला पैसे, अशी अट असते. ही शक्यता कोण ठरवतो आणि तुमचं मत वेगळं असेल तर काय, ते पाहून ठेवा.

टॅक्स लॉस पॉलिसीत बहुधा प्रत्येक काँट्रॅक्ट आधी तपासून घ्यावं लागतं. काम वाढलं, मॅनेजर बदलला, बदली माणूस पाठवायचं कलम काढलं, तर पुन्हा तपासून घ्या. कागद जुना आणि काम नवीन असेल तर क्लेम अडतो. एचएमआरसी कागदाइतकंच प्रत्यक्ष काम कसं चालतं ते बघतं.

तारीख सांभाळा

या पॉलिसी सहसा ज्या दिवशी चौकशीचं पत्र येतं, त्या दिवशी चालू असाव्या लागतात. रिटर्न भरलं तेव्हा विमा होता, हे पुरत नाही. त्यामुळे विमा कंपनी बदलताना एका दिवसाचंही अंतर पडू देऊ नका आणि जुन्या वर्षांची रिटर्न नव्या पॉलिसीत धरली आहेत का ते विचारा. नोकरी लागली म्हणून कंपनी बंद करताय? मागच्या वर्षांची चौकशी तरीही येऊ शकते. रन-ऑफ कव्हर (कंपनी बंद झाल्यावरही मागच्या वर्षांसाठी चालू राहणारा विमा) मिळतं का ते बंद करण्याआधी पाहा.

अकाउंटंट 'वर्षाला थोडे पैसे भरा, चौकशीचं आम्ही बघू' म्हणतो, तेव्हा पॉलिसी बहुधा त्याच्या फर्मच्या नावावर असते. सोय चांगली आहे, पण अकाउंटंट सोडला की कव्हरही गेलं. शिवाय त्यात सहसा फक्त फी असते. आयप्से (स्वयंरोजगार करणाऱ्यांची संघटना) किंवा एफएसबी (लहान व्यवसायांची संघटना) यांचं सभासदत्व असेल तर त्याच्या प्रकारानुसार त्यात असं कव्हर येऊ शकतं. आधी ते तपासा, एकाच गोष्टीसाठी दोनदा पैसे जायला नकोत. प्रोफेशनल इंडेम्निटी विमा (तुमच्या कामातल्या चुकीमुळे क्लायंटने मागितलेल्या भरपाईसाठीचा) मात्र याच्या जागी चालत नाही. विकणारी फर्म एफसीएच्या (ब्रिटनच्या वित्तीय नियामकाच्या) रजिस्टरवर आहे की नाही, हे दोन मिनिटांत दिसतं.

पत्र आलंच तर त्या दिवशी क्रम चुकवू नका. पाकिटावरची आणि पत्रावरची, दोन्ही तारखा टिपून ठेवा. दोन्ही बाजू स्कॅन करा आणि उत्तराची मुदत कॅलेंडरवर टाका. मग त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा आणि क्लेम नंबर घ्या. त्यांनी लेखी मान्य करण्याआधी झालेल्या कामाची फी सहसा मिळत नाही, म्हणून अकाउंटंटलाही तोवर थांबायला सांगा. अधिकाऱ्याला फोन करून 'समजावून सांगायला' जाऊ नका, तो जे ऐकेल ते नोंदवून ठेवेल. मुदत फार जवळ असेल तर वाढवून मागणारी दोन ओळींची ईमेल सल्लागाराकडून जाऊ द्या.