कुरिअरने मागवलेले रोप खराब निघाल्यास दाद कशी मागावी

पुण्याजवळचे उरुळी कांचन, आंध्रातील कडियम किंवा थेट बंगालमधील कालिम्पाँगच्या रोपवाटिकेतील झाड आता चार-पाच दिवसांत लातूरच्या किंवा कणकवलीच्या घरी येऊन पोहोचते, ही सोय खरोखरच मोठी आहे. परंतु खोके उघडल्यावर आत काळवंडलेली पाने आणि मोडलेला शेंडा निघाला, की पैसे घेताना पाच मिनिटांत उत्तर देणारा विक्रेता आठवडाभर संदेश उघडूनही पाहत नाही, हा अनुभव आज इतक्या लोकांच्या वाट्याला येतो की त्याला निव्वळ नशीब म्हणून सोडून देणे योग्य नाही. रोपाच्या तक्रारीत एक अडचण मुळातच असते. बिघडलेला मिक्सर महिनाभराने दाखवला तरी तो तसाच बिघडलेला असतो. रोप मात्र दर दिवशी बदलते, आणि आठवड्यानंतर ते वाटेत मेले की तुमच्या घरी मेले हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. विक्रेत्याची सगळी टाळाटाळ याच फटीतून चालते. म्हणून तक्रारीची तयारी रोप आल्यावर नव्हे, तर मागणी नोंदवण्यापूर्वी सुरू करावी लागते.

सर्वप्रथम विक्रेत्याच्या परताव्याच्या अटी शेवटपर्यंत वाचाव्यात. खराब रोपाची तक्रार किती तासांत करायची, बदली रोप मिळते की पैसे, आणि बदली रोपाचा कुरिअर खर्च कोणाच्या माथी, या तीन गोष्टींची स्पष्ट उत्तरे तेथे असली पाहिजेत. ‘जिवंत रोपे परत घेतली जात नाहीत’ एवढ्या एकाच वाक्यावर जो भागवतो, त्याच्याकडून महागडे कलम मागवू नये. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या व्यवसायाने आपले कायदेशीर नाव, पत्ता, ग्राहक सेवेचा संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती ग्राहकाला दिसेल अशी ठेवणे बंधनकारक आहे. ज्या ठिकाणी केवळ एक मोबाइल क्रमांक आणि फुलांची सुंदर छायाचित्रे आहेत, तेथे पुढे दाद मागायची ती कोणाकडे, हा प्रश्न आधीच स्वतःला विचारावा.

त्यानंतर विक्रेत्याला एक नेमका प्रश्न लेखी विचारावा: कलम कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या खुंटावर (म्हणजे ज्या मुळासकट रोपावर काडी जोडतात त्यावर) बांधले आहे, त्याचे वय किती, पिशवीचा आकार काय, आणि जाहिरातीतील दोन फूट उंची मातीपासून मोजली आहे की पिशवीसह? या प्रश्नाचे दोन उपयोग होतात. विक्रीपूर्वी उत्तर देण्याची तसदी न घेणारा विक्रेता विक्रीनंतर ती घेईल, असे मानण्याचे कारण उरत नाही. आणि उत्तर मिळालेच, तर ते लेखी असल्यामुळे तुमच्यातील व्यवहाराचा भाग ठरते. फोनवर बोलणे झाल्यास, ‘आत्ता आपण सांगितल्याप्रमाणे कलम दीड वर्षाचे आहे’ असा संदेश लगेच पाठवून ठेवावा. ग्राहकांचे अभिप्राय वाचताना हेही लक्षात ठेवावे की बहुतेक कौतुक खोके उघडल्याच्या दिवशी लिहिलेले असते. सहा महिन्यांनी लिहिलेले अभिप्राय आणि नाराज ग्राहकांना विक्रेत्याने दिलेली उत्तरे शोधून वाचली, की सेवेचा खरा अंदाज येतो. निळ्याशार गुलाबाचे बियाणे किंवा वर्षभरात फळांनी लगडणारे कुंडीतले आंब्याचे झाड दाखवणारी जाहिरात दिसली, तर पुढे वाचायचीही गरज नाही.

फळझाडांच्या बाबतीत आणखी एक चौकशी करावी. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकेला कृषी विभागाचा परवाना लागतो, आणि राष्ट्रीय बागवानी मंडळ काही रोपवाटिकांना मानांकन देते. परवाना क्रमांक मागितल्यावर प्रामाणिक रोपवाटिकाचालक तो विनातक्रार देतो. दापोली किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून कलमे आणण्यासाठी बहुधा स्वतः जावे लागते, पण हापूस किंवा रत्ना आंबा, भगवा डाळिंब अशा वाणांच्या खात्रीसाठी तो प्रवास करण्यासारखा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोप केव्हा मागवावे, हाही तक्रार टाळण्याचाच भाग आहे. एप्रिल-मे महिन्यांत कुरिअरची बंद गाडी इतकी तापते की उत्तम बांधणी केलेले रोपही त्यात तग धरत नाही, आणि दिवाळीच्या गर्दीत खोकी गोदामात पडून राहतात. पाऊस स्थिरावल्यानंतरचा काळ किंवा थंडीची सुरुवात चांगली. रोप सोमवारी किंवा मंगळवारी पाठवावे, म्हणजे ते रविवारच्या सुट्टीत अडकणार नाही, असे विक्रेत्याला मुद्दाम कळवावे. पैसे शक्यतो कार्डाने किंवा मोठ्या ऑनलाइन बाजारमंचामार्फत द्यावेत आणि बिल मागून घ्यावे. यूपीआयवर पैसे भरताना रोपवाटिकेऐवजी भलत्याच व्यक्तीचे नाव दिसले, तर तेथेच थांबावे.

खोके हाती आल्यावरची पहिली दहा मिनिटे सर्वांत महत्त्वाची असतात. ते न उघडता टेबलावर ठेवून एकसलग चित्रफीत सुरू करावी. आधी पत्त्याचे लेबल आणि कुरिअरचा क्रमांक वाचता येईल इतक्या जवळून दाखवावा, मग खोक्याच्या सहाही बाजू, चेपलेले कोपरे आणि ओल आलेली जागा दाखवावी. ‘ही बाजू वर’ अशी सूचना खोक्यावर आहे का, हेही टिपावे. त्यानंतर चित्रफीत न थांबवता खोके उघडावे. रोप बाहेर काढल्यावर त्याच्याशेजारी मोजपट्टी धरून मातीपासून शेंड्यापर्यंतची उंची दाखवावी. पाने गळालेली दिसली म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये, कारण अंधारात तीन-चार दिवस काढलेली अनेक निरोगी झाडेही पाने टाकतात आणि पुन्हा फुटतात. खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवा, ओलसर थर दिसला तर जीव आहे. तपकिरी आणि कोरडे दिसले तर त्याखाली आणखी दोन ठिकाणी खरवडून तेही चित्रित करावे.

मग मुळांकडे वळावे. वजन वाचवण्यासाठी बरेच विक्रेते पिशवीतील माती काढून मुळांभोवती कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा ओले शेवाळ गुंडाळतात. पिशवी हळुवार सरकवून हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा गोळा, न फोडता बाजूने मुळे पाहावीत. पांढुरकी, टणक मुळे चांगली. बोटांत धरताच साल निघून येणारी, आंबूस वास मारणारी काळी मुळे म्हणजे रोप बहुधा वाटेत नव्हे, तर निघण्यापूर्वीच कुजायला लागलेले होते. मुळांचे हे जवळून काढलेले छायाचित्र तुमच्या तक्रारीतील सर्वांत बळकट पुरावा असते, कारण चार दिवसांच्या प्रवासाचे किंवा तुमच्या पाण्याचे कारण त्यापुढे सहसा टिकत नाही.

कलमाच्या बाबतीत एक फसवणूक अशी आहे की ती ग्राहकाच्या लक्षातही येत नाही. कलमाचा सांधा, म्हणजे जेथे प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली असते किंवा सालीचा रंग बदलतो ती जागा, शोधून पानांची फूट सांध्याच्या वर आहे की खाली, हे पाहावे. पुष्कळदा वरची कलमकाडी वाळलेली असते आणि खालच्या खुंटाला हिरवीगार पालवी आलेली असते. ग्राहकाला वाटते की झाड जगले. विक्रेताही ‘बघा, फूट आली’ असे छातीठोकपणे सांगतो. प्रत्यक्षात वाढतो तो खुंट, आणि काही वर्षांनी हापूसच्या जागी रायवळ आंबा हाती येतो. गुलाबाच्या डोळा भरलेल्या (काडीऐवजी एकच कळी खुंटावर बसवलेल्या) कलमांतही हेच घडते. काडी मेलेले कलम हे मेलेलेच रोप आहे, आणि तक्रार त्याच दिवशी, त्याच शब्दांत करावी.

यानंतर रोपाची जी काळजी घ्याल, ती तुमचा दावा राखण्याच्या दृष्टीनेही घ्यावी. रोप आठवडाभर सावलीत, मोकळ्या हवेत ठेवावे, कोकोपीट ओले असेल तर पाणी घालू नये, खत मुळीच देऊ नये, आणि कुंडी बदलण्याची घाई करू नये. कुंडी बदलली की ‘तुम्ही मुळे दुखावली’ हे उत्तर विक्रेत्याला आयतेच मिळते. पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी एकाच बाजूने छायाचित्रे काढून ठेवावीत.

तक्रार लेखी आणि त्याच दिवशी पाठवावी. तिच्यात राग नको, तपशील हवा. मजकूर साधारण असा असावा:

‘आपल्याकडून अमुक तारखेला, अमुक ऑर्डर क्रमांकाने मागवलेले केसर आंब्याचे कलम आज दुपारी मिळाले. कलमाच्या सांध्यावरील काडी पूर्ण वाळलेली असून साल खरवडल्यावर आतून तपकिरी दिसते. उंची जाहिरातीत दोन फूट असताना प्रत्यक्षात अकरा इंच आहे. खोके उघडतानाची चित्रफीत आणि चार छायाचित्रे सोबत जोडली आहेत. कृपया पूर्ण रक्कम कुरिअर खर्चासह परत करावी, आणि या तक्रारीचा नोंद क्रमांक ४८ तासांच्या आत कळवावा.’

काय हवे ते एकाच शब्दात ठरवून लिहावे, बदली रोप किंवा पैसे. ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असे लिहिले, की पुढच्या खरेदीवरील सवलतीचे कूपन हाती पडते. ते नको असेल तर नम्रपणे, पण लेखी नाकारावे.

आता ठरावीक उत्तरे येऊ लागतील. त्यांपैकी सर्वांत धोक्याचे उत्तर हे सर्वांत गोड असते: ‘पंधरा दिवस थांबा, पालवी येईल.’ मलाही एका विक्रेत्याने अशाच आपुलकीने थांबायला सांगितले आणि मुदत उलटल्यावर तक्रार उशिरा आल्याचे कारण पुढे केले. थांबायला हरकत नाही, परंतु ‘आपल्या सूचनेवरून मी अमुक तारखेपर्यंत थांबत आहे, माझी तक्रार आजच्या तारखेची मानावी’ असे लिहून मगच थांबावे. दोष कुरिअरचा असल्याचे सांगितले गेले, तर आपला व्यवहार विक्रेत्याशी झालेला आहे आणि कुरिअर कंपनी त्याने निवडलेली आहे, एवढेच उत्तर पुरेसे आहे.

कायदा या बाबतीत ग्राहकाच्या बाजूने आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. वर सांगितलेल्या २०२० च्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे देण्यास नकार देता येत नाही, आणि ‘जिवंत रोप परत नाही’ या स्वतःच्या अटीने तो या जबाबदारीतून सुटत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये बिल न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. हौसेखातर अधूनमधून आपल्या बागेतील रोपे देणाऱ्या व्यक्तीला मात्र हे ई-कॉमर्सचे नियम लागू होत नाहीत. तेथे विश्वासावरच व्यवहार करावा लागतो.

महिना उलटूनही काही झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती मध्यस्थी करते. तरीही सरकारी नोंद झाल्यावर गप्प बसलेले विक्रेते बऱ्याचदा बोलू लागतात. पैसे घेऊन रोप पाठवलेच नाही आणि विक्रेता नाहीसा झाला, तर तो सेवेतील दोष नसून सरळ फसवणूक आहे. अशा वेळी वेळ न दवडता सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर कळवावे.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, त्यामुळे विक्रेता हैदराबादचा असला तरी तुम्हाला तेथे जावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. दोनशे रुपयांच्या मोगऱ्यासाठी कोणी आयोगापर्यंत जाणार नाही, हे मान्य. पण शे-दोनशे कलमांची बाग लावणाऱ्याने जरूर जावे. केवळ व्यापारासाठी खरेदी करणारा ग्राहक ठरत नसला, तरी बियाण्यांच्या प्रकरणात शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे.

बागेच्या बाबतीत खरे नुकसान चुकीच्या वाणाचे असते, आणि ते पहिल्या फळधारणेला, म्हणजे चार-पाच वर्षांनी कळते. तोवर खड्डे, खते, ठिबक आणि पाण्यावर झालेला खर्च कलमांच्या किमतीच्या कितीतरी पट होऊन गेलेला असतो. दोन वर्षांच्या मुदतीचा प्रश्न तेव्हा निघतोच, मात्र उशिराचे सबळ कारण दाखवल्यास तो माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, आणि वाण ओळखू येण्याआधी तक्रार करणे शक्यच नव्हते, हे ते कारण. यासाठी बिलावर नुसते ‘आंबा कलमे’ न लिहिता वाणाचे नाव, खुंट, संख्या आणि रोपवाटिकेचा परवाना क्रमांक लिहून घ्यावा, बिलाचा छाप उडतो म्हणून त्याचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि कोणत्या ओळीत कोणत्या खेपेची कलमे लावली याचा कागदी आराखडा त्याच फाइलमध्ये ठेवावा. पहिले फळ वेगळे दिसताच झाड तोडू नये. तालुका कृषी अधिकाऱ्याला लेखी कळवून फळे झाडावर असतानाच पाहणी व पंचनामा करून घ्यावा.